खुंटीवरचा कोयता

मुलुंड (पूर्व),
रविवार

प्रिय माणिक,

तू पाठवलेलं पुडकं गुरुवारी पोचलं. बसच्या ड्रायव्हरने चेकनाक्यावर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, काका, यात काय बंदूक आहे की काय? मी म्हटलं, घरगुती सामान आहे. आज रविवार. पुडकं देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे आणि सुतळी तशीच आहे. गाठ तुझी आहे हे मी ओळखलं. अण्णा मारायचे तशी, एका ओढीत सुटणारी. पण ती एक ओढ मला देववत नाही. शुभा दोनदा म्हणाली, अहो, उघडा तरी, नाहीतर माळ्यावर टाका, मला संक्रांतीच्या आधी घर आवरायचंय. मी आंघोळीला गेलो आणि आल्यावर पुन्हा त्याच्याकडे बघत बसलो.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. मुंबईला आलो त्या वर्षी तुला आंतर्देशीय पत्रं लिहायचो, त्यानंतर आजच. फोन लावला की तू 'बोल रे धोंड्या' म्हणणार आणि मी पुन्हा खोटं बोलणार, म्हणून फोन नको. मागच्या फोनवर मी सांगितलं, की सव्वीस जानेवारीला गोरेगावात आमचा मेळावा आहे, तिथे दाखवायला निलेशचा कोयता हवाय, झाला की परत पाठवतो. मेळावा आहे हे खरं. बाकी खोटं. मी तो मागवला, कारण त्याला भेग गेलेली असावी अशी मला भीती आहे. आणि ही भीती आजची नाही. ज्या क्षणी मी त्याला पाणी दिलं, तापलेला लाल कोयता पाण्यात बुडवला, त्या क्षणापासूनची आहे. तरीही मी तो तुझ्या मुलाला दिला. गावभरच्या माडांवर चढून पोट भरणाऱ्या पाडेल्याला दिला. एवढं लिहून मी उठलो, गॅलरीत जाऊन आलो, पाणी प्यालो. आता पुढचं लिहितो.

माझं काम तुला माहीत आहे. सव्वीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. भांडुप, मुलुंड, घाटकोपर इथल्या कितीतरी लिफ्ट मी कानाने तपासतो. मशीनच्या खोलीत डोळे मिटून उभं राहिलं की दोर बोलतो, बेअरिंग बोलतं. दोन वर्षांपूर्वी एका बावीस मजली इमारतीत चौदाव्या मजल्याच्या आसपास मला एक बारीक टक् ऐकू आला. दुसऱ्या कुणालाच नाही. मी लिफ्ट बंद करून टाकली. अठराव्या मजल्यावरचे एक आजोबा जिन्याने वर जाताना दर मजल्याला थांबून मला शिव्या देत होते. सेक्रेटरी म्हणाला, मिस्त्री, तुम्हाला भास होतात काय? दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर एक बोल्ट अर्ध्याहून जास्त चिरलेला. तेव्हापासून त्या सोसायटीत माझ्या कानाला मान आहे. आजोबा हल्ली भेटले की हात जोडतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही, कारण परक्यांची लिफ्ट एका आवाजावरून बंद करणाऱ्या माणसाने घरच्या पोराच्या बाबतीत तसाच आवाज ऐकला आणि गिळला.

हा कान मला अण्णांनी दिला. तुला भाता ओढायचा कंटाळा आणि मला त्याची हौस. तू शाळेतून सुटलास की क्रिकेटला पळायचास आणि तुझ्या जागी मी बसायचो. तुझ्या वडिलांनी मला एकदाही परका धरलं नाही. लोखंड तापलं की म्हणायचे, काजीच्या बोंडाचो रंग येवंदे, घाई नको. ऊन असलं तर माडाच्या झापाचा आडोसा करायचे, उन्हात रंग फसवतो म्हणून. मग पाणी. धार तेवढी बुडवायची, दोन बोटं, वरचा भाग बाहेर. बाहेर काढल्यावर वरची ऊब हळूहळू धारेकडे उतरायची आणि पोलादावर आधी वाळल्या गवतासारखा, मग पिवळा, मग जांभळट असे रंग सरकत यायचे. नेमक्या रंगाला अण्णा तो पुन्हा थंड करायचे. आणि शेवटी, हे आठवतं ना तुला, कोयता मुठीत जाणाऱ्या शेपटीला धरून कानाजवळ न्यायचे आणि नखाने टिचकी मारायचे. चांगला असला तर तो मंदिरातल्या लहान घंटेसारखा लांबवर वाजायचा. फुटलेला असला तर नुसता भद्द. मी एकदा विचारलं, अण्णा, झालो काय बरो? तर म्हणाले, माका कित्याक विचारतंस? त्येका विचार.

दोन गोष्टी सारख्या आठवतात. एक, गावकरांचा विळा. कापणीचा आदला दिवस, गावकर दारात उभे, आणि अण्णांच्या टिचकीला विळा भद्द बोलला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, मी जवळून बघितला होता. अण्णांनी तो ऐरणीच्या काठावर धरला आणि एका घावात दोन तुकडे केले. गावकर ओरडले, अरे मेस्त्री, खुळो झालंस काय, उद्या कापतलंय कशान? अण्णा म्हणाले, फुटलेला पाता कोणाक दिवचा नाय. आणि न जेवता दुसरा करायला घेतला. दुसरी गोष्ट तुझी. नववीत तू केलेली पहिली कोयती. तू अंगणभर मिरवत होतास. अण्णांनी ती हातात घेतली, टिचकी मारली आणि एक शब्द न बोलता दारामागच्या खुंटीला लावली. तीन दिवस ती तिथे होती. तू येता-जाता तिच्याखालून जात होतास. मी अण्णांना हळूच म्हटलं, तुम्हीच मोडून टाका ना, गावकरांचा मोडलात तसा. ते म्हणाले, ज्यान केल्यान, त्यानच मोडूचा. चौथ्या सकाळी तू ती खुंटीवरून काढलीस, ऐरणीवर ठेवलीस, मोडलीस आणि रडलास. मी जवळ उभा होतो पण काय करावं ते कळेना, म्हणून तुझी चप्पल हातात धरून उभा राहिलो. त्या संध्याकाळी अण्णांनी तुला पहिल्यांदा आपल्या बाजूला बसवून चहा दिला.

आता मुंबईचं. तीन वर्षांपूर्वी भांडुपच्या एका गाळ्यांच्या इमारतीत मालाची लिफ्ट बघायला गेलो होतो. तळमजल्यावरून घणाचा आवाज आला. मशीनचा ठोका आणि माणसाचा ठोका वेगळा असतो, तो माणसाचा होता. जाऊन बघतो तर हाफ पॅंटमधली तीन-चार चांगल्या घरची माणसं ट्रकच्या कमानीचा पाटा ठोकत होती. त्यांचा म्होरक्या यज्ञेश, बोरिवलीला राहतो, कॉम्प्युटरची मोठी नोकरी. हातोडा असा धरला होता की मला राहवलं नाही, म्हटलं, अहो, मनगट सैल सोडा, नाहीतर उद्या चमचा धरता येणार नाही. झालं. तेव्हापासून दर रविवारी मी तिथे. गॅसची भट्टी, उष्णता मोजायचं यंत्र, घासायला पट्ट्याचं मशीन. पोलाद पुरेसं तापलं की लोहचुंबक चिकटत नाही, त्यावरून ओळखतात. पाण्याऐवजी कोमट तेल वापरतात, कारण तेल सावकाश थंड करतं आणि भेग जायचा धोका कमी. पूर्वी सिनेमाच्या तलवारी करणारा गोरेगावचा एक माणूस आहे, त्याच्या शेडमध्ये मोठे मेळावे भरतात. पुण्याहून, नाशकाहून लोक येतात, एकमेकांची पाती हातात घेऊन बघतात, दोर कापतात, बांबू तोडतात. मी धोंडूकाका झालो. गणपतीत तू विचारलंस, आमच्या बापाशीन पोटासाठी केल्यान ता तुमी हौशेन करतास? मी हसलो. आज एवढंच सांगतो, की आठवड्यातले सहा दिवस मी खाली-वर करतो आणि रविवारी त्या गाळ्यात घण उचलला की अण्णांच्या अंगणात उभा असल्यासारखं वाटतं.

मी तिथे अण्णांबद्दल फार बोलायचो. तेल काय वापरता, आमच्या गावात साध्या पाण्यात जमायचं, असं. बोलणं वाढलं आणि जुलैच्या मेळाव्यात यज्ञेश सगळ्यांसमोर म्हणाला, काका, आज गावाकडचं पाणी होऊनच जाऊ दे! पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. एकाच पाट्यातून मी दोन कोयते घडवले होते, एक निलेशसाठी, एक गाळ्यात ठेवायला. पातं संपून शेपटी सुरू होते तिथला कोपरा अण्णा कानशीने नेहमी गोल करायचे. मी केला नव्हता, टोकदार कोपरा दिसायला रेखीव दिसतो म्हणून. आणि पाणी देताना दोन बोटं बुडवली असती तर थोडीशी वाफ आली असती. मला मोठी हवी होती. मी निलेशचा कोयता मानेपर्यंत, म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत बुडवला. फस्सकन् वाफ उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांच्या खालून मला टिण् ऐकू आलं. काचेच्या बांगडीला नख लागावं तसं. भट्टीचा पंखा चालू होता, पाणी उकळत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी कोयता बाहेर काढला, फिरवून बघितला, काही दिसलं नाही. दुसरा बुडवला. त्यात काही आवाज आला नाही.

मग सगळं रीतसर केलं. दोन्ही घरी आणून शुभाच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास दोनदा भाजले, कडकपणा उतरायला. ती अजून म्हणते, माझ्या नानकटाईला तुमच्या कोयत्याचा वास येतो. पुढच्या रविवारी शेपटीला चिंध्या गुंडाळून दोन्ही कोयत्यांनी लोंबता दोर एका घावात कापला, बांबू तोडला, प्रत्येकी वीस नारळ सोलले. झकास काका, एकदम कडक, असं सगळे म्हणाले. मीही मान हलवत होतो. पण टिचकी मारली नाही. सगळं करून झालं आणि अण्णांची ती एक टिचकी मी मारली नाही. विसरलो असं आधी लिहिलं होतं, ते खोडलंय. विसरलो नव्हतो.

गणपतीत तो घेऊन आलो. मूठ तूच बसवणार होतास, खैराची, तुझ्याकडचं लाकूड चांगलं मुरलेलं आहे म्हणालास. मी पातं तुझ्या हातात दिलं. तू हात पुसलेस, शेपटीला धरलंस आणि कानाजवळ नेलंस. माणिक, तेव्हा मी मुद्दाम तुझ्या आईकडे, सुंदराकाकीकडे वळलो आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागलो, मोठ्या आवाजात. तू दोनदा टिचकी मारलीस एवढं कळलं. मला ऐकायचं नव्हतं. मी वळलो तेव्हा तू म्हणालास, बरो झालो हा. आणि आत घेऊन गेलास. निलेश हात पुढे करून उभा होता, त्याला म्हणालास, आधी आरतीक चल. मला केवढं हायसं वाटलं! माणिकसारखा लोहाराचा मुलगा बरा म्हणतोय म्हणजे बराच असणार. मुंबईला येईपर्यंत ते टिकलं.

नंतर टिकलं नाही. गावाहून फोन आला की मी आधी निलेश कसा आहे ते विचारायचो. निलेश कधीतरी माडाच्या शेंड्यावरून फोटो पाठवतो ना, ते मी बोटांनी मोठे करून बघायचो, कमरेच्या आकडीत कुठला कोयता आहे म्हणून. कधी कळायचं नाही. चाळीस-पन्नास फुटांवर एका हाताने झाड धरलेलं, दुसऱ्या हाताने नारळाच्या पेंडीवर घाव, आणि पातं मानेतून तुटलं तर? तोल त्याचा जाईल किंवा पातं खाली येईल, आणि खाली नारळ गोळा करायला काकी उभी असते, कितीही सांगितलं तरी बाजूला होत नाही. हे मला कामावर असताना, जेवताना, देवाला दिवा लावताना दिसायचं. गावी येऊन रवळनाथाला कौल लावावा असंही मनात आलं. पण देवाला काय विचारणार होतो? मला उत्तर ठाऊक होतं आणि त्याला हे ठाऊक होतं.

डिसेंबरात रेवती नावाची एक मुलगी आमच्यात आली. घाटकोपरला दातांची डॉक्टर आहे. गाळ्यात ठेवलेला दुसरा कोयता तिने हातात घेतला आणि पर्समधून निळ्या औषधाची बाटली काढली. म्हणाली, काका, दाताला बारीक चीर गेली की दिसत नाही ना, तेव्हा आम्ही हे लावतो, पुसतो, चिरेतला रंग मागे राहतो. बघू तुमच्या पात्याला दात आहेत का! सगळे हसले. तिने लावलं, पुसलं. मानेच्या कोपऱ्यापासून नखाएवढी निळी रेघ. ती ओशाळली, सॉरी काका, मी उगाच, असं म्हणायला लागली. मी तिला म्हटलं, नाही पोरी, बरं केलंस. पण हातातलं काम तिथेच टाकलं. कारण ज्या कोयत्याचा आवाज आला नव्हता त्याला ही रेघ होती. ज्याचा आला होता तो तुझ्या घरी होता.

गाळ्याबाहेर येऊन तिथूनच फोन लावला. निलेशने उचलला. मी विचारलं, कोयता कुठे आहे? तो म्हणाला, खुंटयेर हा काका. बाबांनी मूठ पण बसवल्यानी नाय, हात लावूक देनत नाय. म्हणतत, तो काकांचो कोयतो, तेका हात लावचो नाय. मी भिंतीला टेकून खाली बसलो. आधी देवाचे आभार मानले. आणि मग, ऐक, मग माझी छाती फुगली. मला वाटलं, माणिकने माझं काम एवढं मानलं की वापरायलासुद्धा देत नाही! त्या फुगलेल्या छातीनेच तुझ्याशी बोललो आणि मेळाव्याचं खोटं सांगितलं. घरी येऊन शुभाला सांगितलं, तर ती म्हणाली, एवढा मान मिळाला तर तोंड असं का झालंय तुमचं?

आता मेळाव्याचा फलक छापून आलाय. 'धोंडूकाका आणि गावाकडचं पाणी.' चाळीस जणांनी नावं दिलीत. मी दाखवणार, ते शिकणार, घरी जाऊन करणार आणि कुणाकुणाला देणार. झोप लागत नाही. आज इथेच थांबतो. पुडकं उघडल्याशिवाय पुढे लिहिण्यात अर्थ नाही.

बुधवार

आज संक्रांत. शुभाने देवापुढे तिळगूळ ठेवला. मी नमस्कार केला आणि तिथेच खाली बसून गाठ ओढली.

वर्तमानपत्र, त्याच्या आत तुझ्या जुन्या धोतराचा तुकडा, त्याच्या आत कोयता. निलेशने सांगितलं तसाच, मूठ नाही. धारेवर मी मुंबईहून लावलेलं तेल अजून तसंच, फक्त धूळ बसून चिकट झालेलं. तिकडे आल्यापासून कशावर एकदाही चालवलेला नाही. आणि मानेजवळ, कोपऱ्यापासून आत जाणारी, दीड बोट लांब, पांढरी रेघ. मी आधी ओरखडा समजलो. बोट लावलं तर बोटाला पांढरं लागलं. खडू. तू गेट-ग्रीलच्या वेल्डिंगला खुणा करायला वापरतोस तो.

रेवतीने मला तिची बाटली देऊन ठेवली होती. खडू पुसण्याआधी मी रेघेच्या दोन्ही टोकांना खिळ्याने बारीक खुणा केल्या. मग पुसलं, निळं लावलं, थांबलो, पुन्हा पुसलं. निळी रेघ पहिल्या खुणेपासून निघाली आणि दुसऱ्या खुणेला संपली. तू औषधाशिवाय, भिंगाशिवाय, नुसत्या कानाने आणि बोटाने ती अख्खी वाचली होतीस. आणि मग मला दारामागची खुंटी आठवली.

मी कोयता मांडीवर घेऊन बसलो होतो. शुभाने विचारलं तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं, टिण् पासून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे ते तुमची वाट बघत होते. मला राग आला, खरं सांगतो. तुझाच आला. पहिल्याच दिवशी 'बरो झालो हा' म्हणण्याऐवजी खरं बोलायला काय झालं होतं? चार महिने मी काय भोगलं ते मलाच माहीत. मग वाटलं, तू निलेशचा हात त्याला लागू दिला नाहीस, मूठ बसवली नाहीस, घरातलं माणूस सुरक्षित ठेवलंस. बाकीचं जे होतं ते माझं काम होतं, आणि ते तू माझ्यासाठी शिल्लक ठेवलंस. मी मात्र त्याला मान समजत होतो. अण्णा तुझ्यासाठी तीन दिवस थांबले होते. तू माझ्यासाठी चार महिने थांबलास.

शनिवारी, चोवीस तारखेला सकाळी मी गावी उतरतो. कोयता बरोबर आहे, पुन्हा त्याच धोतराच्या तुकड्यात बांधलाय, पण मला तुझ्यासारखी गाठ येत नाही. दुपारच्या गाडीने परत फिरेन, कारण सव्वीसला गोरेगावात चाळीस माणसांसमोर दुसरा कोयता मोडायचा आहे, आणि पाणी कसं देऊ नये ते दाखवायचं आहे. यज्ञेशला अजून सांगितलेलं नाही, तिथेच सांगेन. पण आधी हा. गणपतीत तू म्हणत होतास, की मागच्या दारची अण्णांची ऐरण भंगारवाला दोनदा विचारून गेला. दिली नसशील अशी आशा आहे, त्याचसाठी हे पत्र. मला ती हवी आहे, दहा मिनिटांसाठी. निलेशला त्या दिवशी माडावर पाठवू नकोस, ज्याला दिला त्याच्यासमोर मोडायला हवा. काकीलाही बाहेर बसव. आणि पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस, माणिक. तू 'असू दे रे धोंड्या' म्हणशील आणि मी ऐकेन. ऐरणीवर काकी कपड्यांचा डबा ठेवते, तो तेवढा उतरवून ठेव.

तुझाच,
धोंडू